चाळणीतला मुकादम

शहराचं नाव बदललं, चौकातल्या पाट्या बदलल्या, नळाची तऱ्हा मात्र बदलली नाही. त्या उन्हाळ्यात जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. ज्या गल्लीत आठवड्यानं पाणी यायचं तिथं आता दहा-दहा दिवसांनी यायला लागलं होतं, आणि शहर मात्र बीड बायपासच्या दोन्ही अंगांना असं पसरत चाललं होतं, की बघणाऱ्याला वाटावं प्रत्येक इमारतीखाली जिवंत झराच लागलाय. कुणाला कधीही बोलवा, समोरचा आधी बोटांवर मोजायचा आणि म्हणायचा, "त्या दिवशी जमणार नाही, आमचं पाणी आहे." लग्नाचा मुहूर्त हुकवला तर सोयरे समजून घेत, पाण्याचा दिवस हुकवला तर बायको समजून घेत नसे.

बायपासला लागूनच एक संशोधन संस्था होती. तिथं रजेचे दोन प्रकार होते, आजारपणाची आणि पाण्याची. आजारपणाच्या रजेला डॉक्टरचा कागद लागे. पाण्याच्या रजेला कुणी काही मागत नसे, कारण ती सगळ्यात नेमानं घेणारा माणूस स्वतः संचालक होता.

डॉ. शंतनू बिडकर हे ते संचालक. घर उस्मानपुऱ्यात. पूर्वज कधीकाळी पैठणला पूजा सांगत, पुढं निजामाच्या दप्तरात कारकून झाले, त्यानंतर वकील, मास्तर, बँकेतले साहेब असं करत करत घराणं चढत गेलं, आणि त्या चढणीचं टोक म्हणजे शंतनू, असं घरात मानलं जाई. मानणाऱ्यांत पहिला नंबर शंतनूचाच होता. उस्मानपुऱ्यात पाणी यायचं ते करंगळीएवढ्या धारेनं, त्याला मोटर लावावी लागायची, आणि मोटर कशी लावायची हे घरात फक्त आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज होता. त्यांच्या पत्नी शैलावहिनी यांनी तो समज कधी मोडला नाही. मोडला असता तर गच्चीपर्यंत पाइप कुणी ओढला असता?

आता सरांच्या मोठेपणाचं मूळ सांगायला हवं. आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या सुरुवातीला अगदी कोऱ्या असतात, कुणाला काही काम येत नसतं. शरीरात रोगजंतू शिरला, की त्याच कोऱ्या पेशींमधून कुणी मारेकरी होते, कुणी बाकीच्यांना हाका मारून गोळा करणारी होते, आणि कुणी भांडण मिटवणारी होते. मिटवणारी नसेल तर मारेकरी घरच्याच माणसांवर हात टाकायला लागतात. पण एका कोऱ्या पेशीला "तू हे हो" आणि दुसरीला "तू ते हो" असं सांगतं कोण? बिडकर सरांनी तरुणपणी याचं उत्तर शोधलं होतं. एक जनुक. ऊसतोडीच्या टोळीला जसा मुकादम असतो, तसं हे जनुक पेशींना कामं वाटून देतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्याचं नावच त्यांनी मुकादम ठेवलं. मुकादम नसला, तर पेशी नाक्यावरच्या मजुरांसारख्या सकाळपासून नुसत्या उभ्या राहतील, असं ते प्रत्येक भाषणात सांगत.

हे सगळं दिसलं होतं उंदरांत, तेही एका हिवाळ्यात. पण त्या एका हिवाळ्यावर सरांना प्राध्यापकी मिळाली, शाली मिळाल्या, नारळ मिळाले, आणि शेवटी ही संस्था मिळाली. नातेवाइकांत तर 'मुकादमवाले शंतनू' अशीच ओळख पडली. याच सिद्धान्ताची एक घरगुती शाखाही होती, ती अशी, की संस्थेतलं काम आपल्यावाचून एक दिवस चालणार नाही. दर दहा दिवसांनी ते चालायचं, पण त्या दिवशी सर गच्चीवर असल्यामुळं त्यांना ते दिसायचं कसं?

संस्थेत सोनिया गाडेकर नावाची एक संशोधक होती. ती फुलंब्रीहून रोज एसटीनं यायची. घरी शेती, वडील माळकरी, आणि सोनिया म्हणजे, बोलायला लागली की समोरच्याला आपलंच चुकलं असेल असं वाटायला लावणारी शांत पोरगी. तिनं संस्थेत एक नवी पद्धत आणली होती, जनुकांची चाळणी. सरांना तिनं ती लग्नाच्या स्वयंपाकावरून समजावली.

"सर, समजा एकाच दिवशी एकसारखी हजारो लग्नं हायेत. प्रत्येक ठिकाणी आचारी-वाढपी तेच, तेवढेच. आपण प्रत्येक लग्नातून फक्त एकेक माणूस गुपचूप उठवायचा. मग पंगत बघत फिरायचं. जिथं भात कच्चा राहिला, तिथनं कोण उठला होता ते बघायचं. तोच भातवाला."

"आणि ज्याला उठवून काहीच बिघडलं नाही तो?"

"तो नुसता जेवायला आला होता, सर."

पेशींमध्ये हे काम एका सूक्ष्म कात्रीनं व्हायचं. प्रत्येक कोऱ्या पेशीतलं एकेक जनुक कात्रीनं बाद करायचं, तिच्या गळ्यात कोणतं बाद केलं त्याचा बिल्ला अडकवायचा, सगळ्यांना एकाच वेळी 'शत्रू आला' अशी हाक द्यायची. मग सॉर्टर नावाच्या यंत्रातून मारेकरी झालेल्या एका नळीत आणि कोऱ्याच राहिलेल्या दुसऱ्या नळीत निवडायच्या, आणि कोऱ्यांच्या गळ्यातले बिल्ले वाचायचे. सरांना पद्धत फार आवडली. जूनमध्ये पुण्याहून तपासणी समिती येणार होती. मुकादम माणसाच्या पेशीतही सिद्ध झाला, तर सर आणखी पाच वर्षं खुर्चीत राहणार होते. नाही झाला तर खुर्ची जाणार होती, आणि खुर्ची गेल्याचं दुःख एखादा माणूस गिळतो, पण मुकादम गेला असता तर बिडकर सर कोण उरले असते, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

चाळणीला ताजं रक्त लागायचं. त्या उन्हात रक्त द्यायला कोण येणार? शेवटी गोकुळनं दंड पुढं केला. गोकुळ हा संस्थेतला तंत्रज्ञ, मूळचा लासूर स्टेशनचा, राहायला सातारा परिसरात, जिथं इमारती आधी आल्या आणि पाण्याची लाइन येतेच आहे असं सगळे सांगत होते. रक्त काढायचा तोच आणि सॉर्टर चालवायचा तोच, त्यामुळं स्वतःचं रक्त काढायला तेवढी त्याला दवाखान्यातली नर्स आणावी लागली.

पेशी वाढल्या, कात्री चालली, बिल्ले अडकले. सॉर्टरचा दिवस आला तो नेमका उस्मानपुऱ्याच्या पाण्याचा. सर गच्चीवर. त्या दिवशी संस्थेत जी शांतता होती, ती कुणी बोलून दाखवली नाही एवढंच. एरवी सरांची एक सवय होती. कुणीही पाहुणा आला की पेशी ठेवलेल्या उबदार पेटीचं दार सताड उघडून ते म्हणायचे, "बघा, ही आमची लेकरं." पाहुण्याला गुलाबी पाण्याच्या बाटल्या दिसायच्या आणि लेकरांना हुडहुडी भरायची. त्या दिवशी दार कुणी उघडलं नाही. दुपारी काम संपलं, सोनियानं भेळ मागवली, आणि गोकुळ यंत्राशेजारी उभा राहून चक्क गाणं म्हणाला.

निकाल आला तेव्हा सोनियानं तो दोनदा तपासला, मग पुन्हा एकदा पहिल्यापासून काढला. ज्या जनुकांवाचून काम अडतं हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, त्यांनी वर्गातल्या हजेरीसारखा आपापल्या जागी हात वर केला होता. म्हणजे चाळणी ठीक होती. फक्त मुकादम कुठंच नव्हता. ज्या पेशींतून मुकादम उठवला होता, त्या इतरांसारख्याच मुकाट्यानं कामाला लागल्या होत्या. थोड्या लवकरच लागल्या होत्या म्हणा, पण हे सांगायची तिची छाती झाली नाही.

बिडकर सरांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग चष्मा काढला.

"रक्त कुणाचं?"

"गोकुळदादाचं, सर."

"हं." सर एकदम सैल झाले, कुलूप न उघडण्याचं कारण किल्ली चुकीची होती हे कळल्यासारखे. "लासूरचा ना तो? मग बरोबर. पिढ्यान्‌पिढ्या उन्हातान्हात, खाण्यापिण्याचे हाल, आता टँकरचं पाणी. अशा रक्तात मुकादम काय करणार? आणि त्या दिवशी मी इथं नव्हतो, हेही लक्षात घे."

"सर, पेशीला ते कसं कळंल?"

"कळतं," सर म्हणाले. "वातावरण कळतं."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आजवर नाचणाऱ्यांसाठीच होती. सरांनी ती रक्तासाठी चालवली. दाराशी नळ्यांचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या गोकुळनं सगळं ऐकलं होतं. त्याला वाईट वाटलं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलंही. "सर, शिबिरात तर माझं रक्त लोकं हात जोडून नेतेत," तो म्हणाला. सरांनी त्याच्याकडं मायेनं पाहिलं. ती माया राग येण्याजोगी होती.

"यात तुझा दोष नाही रे. या वेळी रक्त मी देतो," सर म्हणाले. "बिडकरांचं रक्त. आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी स्वतः हजर राहणार."

सुई टोचली तेव्हा सर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीकडं बघत होते, आणि देवीपेक्षा तेच जास्त पांढरे पडले होते. गोकुळनं रक्त अशा नाजूक हातानं काढलं, की पुढं कुणी त्याच्यावर बालंट आणू नये. नळी भरल्यावर सरांनी ती उजेडात धरली. "रंगच बघ ना," ते म्हणाले. रंग लाल होता.

या खेपेलाही सॉर्टरचा दिवस उस्मानपुऱ्याच्या पाण्यावरच आला. पेशी काही कुणाच्या नळाकडं बघून वाढत नाहीत. सरांनी आदल्या संध्याकाळी घरी जाहीर केलं, की उद्या ते संस्थेत जाणार.

"आणि पाणी?" शैलावहिनी म्हणाल्या.

"शैला, उद्याचा दिवस इतिहासात जाणार आहे."

"जाऊ दे की. पण अहो, त्या इतिहासात मी भांडी कशात घासू?"

सर गेले. दिवसभर त्यांनी सगळ्यांना दिशा दिली. कुठली बाटली कुठं ठेवावी, पंखा किती वेगानं फिरावा, सॉर्टरनं कसल्या आवाजात चालावं, सगळं सांगितलं. लेकरांच्या पेटीचं दार ते इतक्यांदा उघडायला गेले, की शेवटी सोनियानं पेटीसमोर एक खुर्ची टाकली आणि म्हणाली, "सर, पेटीचं तापमान बघायला एक जबाबदार माणूस पाहिजे. तुम्हीच बसता का?" सर बसले. पेटीच्या दाराला पाठ लावून बसले, त्यामुळं ते उघडता येईना, आणि आपण राखण करतोय की आपली राखण चाललीय हा प्रश्न त्यांना पडला नाही. काम व्हायला रात्र झाली. गोकुळ गाणं म्हणाला नाही.

घरी परतताना सरांच्या मनात दोन तांबे पाण्यात अंघोळ कशी करावी हे घोळत होतं. बघतात तर टाकी काठोकाठ भरलेली, पिंपं भरलेली, कुंड्यांनासुद्धा पाणी दिलेलं. शैलावहिनी पंख्याखाली निवांत बसल्या होत्या.

"मोटर कुणी लावली?"

"मी. त्यात काय आहे? बटण दाबायचं. तुम्ही आधी तो पाइप दहादा काढून घालता ना, त्यातच अर्धं पाणी जातं." मग त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला आणि त्यांनी समजुतीच्या सुरात जोड दिली, "पुढच्या पाण्यालाही तुम्ही कामाला गेलात तरी चालेल हो."

त्या रात्री सर भरपूर पाण्यानं अंघोळ करूनही बराच वेळ जागे होते.

निकाल आला. सोनियानं तो मेलवर न पाठवता स्वतः नेऊन दिला, दार लोटून घेतलं आणि समोर बसली. कागदावर तेच होतं. सरांचं रक्त, सरांची हजेरी, सरांची राखण. आणि मुकादमाविना पेशी आपल्या आपण कामाला लागलेल्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं म्हणायची या कागदानं सोयच ठेवली नव्हती, कारण बाब्या आणि कार्टं शेजारी-शेजारी छापले होते आणि जुळ्यासारखे दिसत होते.

सरांना तो हिवाळा आठवला. अंगात बायकोनं विणलेला स्वेटर, उंदरांच्या पिंजऱ्यांचा वास, आणि पहाटे सूक्ष्मदर्शकात दिसलेलं ते पहिलं चित्र. तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि ते खरोखर आनंदात होते. त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"सर," सोनिया हळूच म्हणाली, "उंदरात ते खरं आसंलही. माणसात नाय, एवढंच. आणि मी तर म्हणते, ज्यानं मुकादम शोधला, त्यानंच तो चाळणीत घातला, तेबी स्वतःच्या रक्तावर. असं किती लोक करतेत? समितीला हेच सांगू. लई मान राहील, सर."

खरं तर याहून चांगला दरवाजा बिडकर सरांना कुणी उघडून देणार नव्हतं. ते 'बरं' म्हणणारही होते. ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढं घरची ती काठोकाठ भरलेली टाकी उभी राहिली. घरात आपल्यावाचून अडत नाही, संस्थेत अडत नाही, आता पेशींतही अडत नाही म्हटल्यावर माणसानं जायचं कुठं? त्यांनी 'बरं' गिळलं.

"सोनिया," ते म्हणाले, "पहिल्या वेळी आपण काय ठरवलं? जनुक बरोबर आणि रक्त चूक."

"ते तुम्ही ठरवलं, सर."

"तेच आताही लागू आहे."

तिला वाटलं सर थकले असतील. ते थकले नव्हते.

समिती आली तेव्हा सभागृहात फुलं होती, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि सत्कार होणार या समजुतीनं पैठणी नेसून, हातात गुच्छ घेऊन आलेल्या शैलावहिनी पहिल्या रांगेत होत्या. समितीच्या अध्यक्षा डॉ. हिमानी देवस्थळी पुण्याच्या. बाई कमी बोलायच्या आणि हसायच्या त्याहून कमी. सोनियानं दोन्ही निकाल पडद्यावर दाखवले, जे होतं ते सांगितलं आणि खाली बसली. मग बिडकर सर उठले.

"मित्रहो, हे निकाल पाहून कुणी म्हणेल, मुकादम निकामी आहे. मी म्हणतो, नाही. दोष मुकादमाचा नाही." त्यांनी छातीवर हात ठेवला. "दोष माझ्या रक्तात आहे. आमच्या घराण्याच्या रक्तातच काहीतरी बिघाड असला पाहिजे. विज्ञानासाठी हे मी आज सर्वांसमक्ष कबूल करतो."

शैलावहिनींच्या हातातला गुच्छ खाली आला. पैठणपासून उस्मानपुऱ्यापर्यंत सांभाळत आणलेलं बिडकरांचं रक्त एका जनुकापायी भर सभेत सांडलं होतं. पडलो तरी नाक वर म्हणतात. इथं नाक वर ठेवण्यासाठी सरांनी बाकी सगळा माणूस पाडला होता. सोनियानं मान खाली घातली. तिला त्यांची लाज वाटत होती आणि कीवही येत होती.

हिमानी मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे डॉक्टर, तुमच्या मते मुकादम सगळ्या माणसांत काम करतो. फक्त तुमच्यात आणि या गोकुळ यांच्यात करत नाही."

"होय."

"म्हणजे या बाबतीत तुमचं आणि त्यांचं रक्त अगदी सारखं."

मागं दाराजवळ गोकुळ उभा होता. त्याच्याकडं न बघता सर म्हणाले, "सारखं."

"अगदी सारखं?"

"अगदी."

"आवं, माझ्या रक्तात काय कमी नाय, मी तवाच म्हनलं हुतं की," मागून गोकुळ पुटपुटला, आणि सभागृह इतकं शांत होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मॅडमचा चेहरा हलला नाही. "तुमचं म्हणणं समितीला महत्त्वाचं वाटतं," त्या म्हणाल्या. "इतका दुर्मिळ नमुना हातचा घालवू नये. अभ्यास पुढं चालायलाच हवा, आणखी रक्तदाते घेऊन. फक्त एक नियम आहे, तो आतापर्यंत तुमच्याकडून नजरचुकीनं राहिला असेल. ज्याचं रक्त अभ्यासात आहे, तो त्या अभ्यासाचा प्रमुख राहू शकत नाही, आणि प्रमुख त्याच्या हाताखालचाही चालत नाही. तेव्हा अभ्यास संपेपर्यंत तुम्ही खुर्चीवरून बाजूला व्हा. चाळणी सोनिया गाडेकर बघतील. तुम्ही नमुना म्हणून राहा."

टाळ्या वाजल्या. आधी कुणी वाजवल्या ते कळलं नाही, पण दाराकडून सुरुवात झाली असं म्हणतात. करायला गेले गणपती आणि झालं माकड, ते असं.

पुढं पावसाळा झाला, धरणात पाणी आलं, नळाला मात्र ते रस्ता विचारत विचारत यायचं. बायपासपलीकडं आणखी इमारती उठल्या. संस्थेचा कारभार समितीनं नेमलेला एक अबोल माणूस बघायचा, तो आठवड्यातून एकदा येऊन सह्या करून जायचा, आणि बाकीचे दिवस सगळे आपापल्या कामाला लागलेले असायचे. सोनियाच्या चाळणीतून किती तरी लोकांचं रक्त गेलं. फुलंब्रीचं, सिडकोतलं, शहागंजातलं, तिच्या वडिलांचंसुद्धा. मुकादमानं कुठंच हात वर केला नाही. उलट ज्याला कुणी नावही ठेवलं नव्हतं असं एक जनुक दर वेळी निमूटपणे हात वर करताना सापडलं, आणि ते सापडल्याची बातमी बाहेरच्या देशांतही गेली. बिडकर सरांना जिन्याखालची एक खोली मिळाली होती. दारावर 'सल्लागार' अशी पाटी होती. सल्ला विचारायला कुणी येत नसे.

एका सकाळी सर गच्चीवर होते. मोटर आता शैलावहिनीच लावत, सर फक्त टाकीत डोकावून पाणी चढतंय असं सांगत. तेवढ्यात संस्थेतून फोन आला. गोकुळ होता.

"सर, ताबडतोब या. तुमच्यावाचून काम अडलंय."

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. किती महिन्यांनी हे शब्द ऐकले होते! त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला, आणि पाण्याचा दिवस असूनही ते निघाले. जाताना वहिनींना मोठ्यानं सांगून गेले, "अडलंय त्यांचं." रिक्षात त्यांनी मनाशी सगळं जुळवलं. शेवटी मुकादम दिसला असणार. सोनियाला वाचता आला नसणार.

प्रयोगशाळेत गोकुळनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि दंडाला रबर बांधलं.

"हे काय?"

"रक्त, सर."

"अरे, ते घे नंतर. अडलंय काय ते सांग. मुकादम दिसला ना?"

"नाय, सर." गोकुळ शीर चाचपत होता. "आज नव्या लोकांचं रक्त लावायचंय. दर खेपेला नव्या रक्ताच्या शेजारी एक ओळखीचं रक्त लावाया लागतं. तुलनेला. ते नसलं तर नवं बरोबर का चूक काय कळत नाय. मागच्या वेळचं तुमचं संपलं. म्हनून अडलं."

सर सुखावले, नाही म्हटलं तरी. "मग माझंच का?" त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं. "दुर्मिळ म्हणून ना?"

गोकुळला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्याला ते बोलावंसंही वाटलं नाही. पण त्याच्या आवाजात कडूपणा नव्हता.

"नाय, सर. सोनियाताईंनी समद्यांचं बघितलं. कुणाचं थोडं इकडं सरकतं, कुणाचं तिकडं. माझंबी सरकतं जरा. तुमचं तेवढं बरोबर मधी. एकदम साधं. ताई म्हनल्या, असं साधं रक्त शोधून सापडायचं नाय."

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. देवीचं पान उलटून गेलं होतं आणि आता तिथं एका सिमेंटच्या कंपनीची इमारत होती. खिशातला फोन वाजायला लागला. शैलावहिनी असणार, टाकी भरली हे सांगायला. सरांनी मोकळा हात खिशाकडं नेला.

"हलू नका, सर," गोकुळ म्हणाला. "मूठ आवळा. आता सोडा. पुन्हा आवळा."

फोन वाजून वाजून थांबला. बिडकर सरांनी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. सांगितलेलं काम, सांगितलं तसं, आयुष्यात पहिल्यांदाच.